खिडकीपाशी उभी केलेली मी

घर बांधून व्हायला चौदा महिने लागणार होते आणि आईचे डोळे, डॉक्टरांच्या मते, फार तर सहा महिने साथ देणार होते. त्यामुळे आर्किटेक्टकडे गेले आणि खुर्चीवर नीट टेकायच्या आतच मी तिला सांगून टाकलं, की बाई गं, भिंती तू कधीही उभ्या कर, पण आईला घर आधी दिसलं पाहिजे. अठरा वर्षं मी चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावते आहे, आणि माझ्याच आईसाठी दुकानातली एकही काच कामाची नव्हती. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या बाईनं स्वतःचं घर बघायचंच नाही, हे मला मुळीच मान्य नव्हतं.

"त्यात काय, आधीच दाखवू," आर्किटेक्ट म्हणाली, आणि महिन्याभरात तिनं कॉम्प्युटरवर आमचं अख्खं घर उभं केलं. डोळ्यांवर तिचा तो आत चित्र दिसणारा जाडजूड गॉगल चढवला की माणूस थेट दारात! मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा आनंदानं ओरडलेच. फरशीवर सकाळचं ऊन पडलेलं, ओटा लखलखीत, जिना अगदी मला हवा तसा; कठडा धरायला हात पुढे केला आणि तिच्या टेबलावरचा पेनांचा डबा खाली पाडला.

खोलीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून ही मंडळी मॉडेलमध्ये एखादं माणूस उभं करून ठेवतात. आमच्या खिडकीपाशी एक सुटाबुटातले गृहस्थ उभे होते. "हे कोण बाबा आमच्या घरात? ह्यांना काढ आणि मला उभी कर," मी म्हटलं. "आईला तेवढीच सोबत." तिनं चारही बाजूंनी माझे फोटो काढले, उंची मोजली, आणि पुढच्या रविवारी खिडकीपाशी मी होते. निळा शर्ट, हाताची घडी, चेहऱ्यावर बेताचं हसू.

"एवढी गप्प तू जन्मात पहिल्यांदा," गॉगल लावलेली आई म्हणाली, आणि आम्ही तिघी पोट धरून हसलो.

आईला तर घराचं वेडच लागलं. दर रविवारी माझ्या आधी आवरून बसायची, आणि तिथे पोचलो की गॉगल चढवून दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून तिच्या खोलीपर्यंत पावलं मोजत फिरायची, मी तिचा दंड धरून मागे, आणि माझी टकळी चालू, "अगं इकडे बघ, ते कपाट राहिलंच, चल ना पटापट!" सहा महिन्यांत तिला सगळं दाखवून व्हायला हवं होतं ना.

चौथ्या की पाचव्या रविवारी गॉगल उतरवताना ती सहज म्हणाली, "आज बसली होतीस."

"कुठे?"

"खिडकीत. दमली असशील."

आर्किटेक्टनं पडद्यावर पाहिलं. मी उभीच होते. त्या आकृतीला बसताच येत नाही, गुडघे वाकायची सोयच दिलेली नाही, असं तिनं मला दाखवूनही दिलं. मी मान डोलावली. नजर अधू झाली की मेंदू मोकळ्या जागा आपल्या मनानं भरतो, हे मी गिऱ्हाइकांना कितीदा तरी सांगितलेलं आहे.

मग एकदा आई म्हणाली, "स्वयंपाकघराला फिकट पिवळा म्हणालीस ते बरं केलंस." तो रंग मी आदल्याच दिवशी दुकानात, एकटी असताना, मनातल्या मनात ठरवला होता. अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर आनंदही झाला. म्हटलं, मायलेकींचं मन जुळतं ते असं! मी आईला मिठीच मारली.

"तिथे तू घाई नाही करत," माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती म्हणाली. "माझं सगळं ऐकून घेतेस." ते मला लागलं. फार लागलं. दुसऱ्याच दिवशी मी आर्किटेक्टला फोन करून ती आकृती काढून टाकायला लावली. त्या रविवारी पडद्यावर खिडकी रिकामी होती, मी दोनदा पाहून खात्री केली, आणि गॉगल लावलेली आई तिथे जाऊन थांबली, हसली, आणि कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसेच सहाव्या महिन्यात डोळे गेले. मी रडले, ती नाही. आता तिला गॉगलही लागत नसे. भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची, "जरा जाऊन येते" म्हणायची, आणि तासाभरानं परतली की तिचा चेहरा इतका टवटवीत असायचा, की तिला अडवायला माझी जीभ रेटत नसे. निदान घर तिला दिसतंय, मी म्हणायचे, आणखी काय हवं?

घर झालं. किल्ली हातात पडली त्या सकाळी मी इतकी उतावीळ होते की दोन्ही हातांत पिशव्या असतानाच कुलूप उघडलं. आईनं माझा दंड सोडला आणि ती सरळ आत चालत गेली, भिंतीला हात न लावता, कुठेही न अडखळता, वर्षानुवर्षं तिथेच राहत असल्यासारखी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. जमलं! आईला घर मिळालं!

"आई!" मी दारातूनच ओरडले. "सगळं तस्संच झालंय ना गं?"

ती थबकली. आवाजाच्या दिशेनं तिनं मान किंचित वळवली, परक्या माणसाला पाहून हसावं तशी हसली, आणि मग रिकाम्या खिडकीकडे वळून हलकेच म्हणाली,

"बघ गं जरा, दारात कुणी बाई आल्यात. घाईत आहेत वाटतं."