थोरल्या सरांचा पाय

खोटं बोलेन तर माझी चारही चाकं एकदम पंक्चर होवोत. मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मी एक जुनी गाडी आहे, ड्रायव्हिंग स्कूलची. नवी होते तेव्हा लोक मला हात लावून बघायचे. आता माझे पोचे मोजायचंही त्यांनी सोडलंय. पण माझ्यासारखे दोन ब्रेक आहेत का कुणाकडे? एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या.

एकदा केकवाल्या मावशी शिकायला आल्या. त्यांचे केक पोचवणारा माणूस गाडी अशी हाणायचा, की क्रीमच्या फुलांचा पार लगदा व्हायचा. गिऱ्हाइकं तुटायला लागली. मावशींनी ठरवलं, आता केक आपणच पोचवायचे.

शिकवायला मिळाले थोरले सर. मांडीवर हात ठेवून गप्प बसायचे. मावशी तडक ऑफिसात गेल्या. "हे शिकवतात कुठे? माझ्याबरोबर नुसते फिरायला येतात. मला ते धाकटे सर द्या."

धाकट्या सरांचा सगळा दणकाच. स्टिअरिंग ओढायचे, सारखा ब्रेक दाबायचे, आवाज तर माझ्या हॉर्नच्या वर. मावशी खूश. "याला म्हणतात उस्ताद."

परीक्षा तोंडावर आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की गाडी सरच चालवतायत, आपण नुसतं स्टिअरिंग धरून बसलोय. मुकाट्यानं थोरल्या सरांकडे परत आल्या.

"या," सर म्हणाले. "फिरायला जाऊ."

आणि वळणावर हत्ती आडवा आला. मावशींनी करकचून ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. हत्ती शेपूट हलवत निघून गेला. मावशींनी दम घेत खाली पाहिलं, तर सरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकच्या बोटभर वर, नुसता तरंगत होता.

"दाबला का नाही, सर?"

"तुम्ही दाबणार होतात."

"तुम्हाला काय स्वप्न पडलं?"

"समोर बघून श्वास धरलात ना तुम्ही."

"म्हणजे रोज पाय असा अधांतरी? गुडघा नाही दुखत?"

"दुखतो की. पण आधी सांगितलं असतं, तर रस्ता सोडून माझ्या पायाकडेच बघत बसला असतात."

मावशी पास झाल्या. आता त्यांच्या केकवरची पाकळीसुद्धा हलत नाही.

तेव्हा मित्रांनो, कुणी नुसतं बसलेलं दिसलं, तर नावं ठेवण्याआधी त्याच्या पायाकडे बघा. आणि माझ्यासारख्या म्हातारीचं ब्रेक ऑइल वेळेवर बदला.

बरं, एक कबूल करते. हत्ती नव्हता, कोंबडी होती. पण हत्ती बघून कुणीही थांबतं हो. कोंबडीसाठी थांबायला शिकावं लागतं.