थोडासा हिरवा

लेकीने नवा टीव्ही भिंतीवर लावून घेतला, तोवर जुना बिचारा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला होता. शेवटची काही वर्षं त्याच्यात सगळी माणसं हिरवट दिसायची. बातम्या देणारी बाई कायम आजारातून उठल्यासारखी. पण आम्हा दोघा नवरा-बायकोला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

लेक रिमोट घेऊन बसली. "दुकानात भडक करून ठेवतात, गिऱ्हाईक भुलावं म्हणून," म्हणाली. तिने भडकपणा काढला, सिनेमाचं सेटिंग लावलं, हालचाल गुळगुळीत करणारं काहीतरी बंद केलं. खिडकीचा उजेड काचेवर पडत होता, म्हणून पडदा ओढला. चित्र असं उघडलं की मालिकेतल्या सासूच्या नाकावरचे बारीक खड्डेसुद्धा दिसावेत.

"बाबा, याहून चांगलं दिसणार नाही," असं सांगून ती आपल्या घरी गेली.

संध्याकाळी हिने मालिका अर्धीच पाहिली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"अगं, झालं काय?"

"काही नाही. त्या बायका फार जवळ येऊन बसल्यात. तोंडाचा लेप दिसतो. परक्याच वाटतात मेल्या. तुम्ही बघा."

मी कसला बघतो. त्यात कोण कोणाची सून, हे मला कधीच कळलं नाही. मी कारखान्यात होतो तेव्हा पाळी सुटल्यावरचा तेवढाच वेळ आम्हाला एकत्र मिळायचा. जुन्या टीव्हीचा आवाज आधी यायचा, चित्र मागून सावकाश. म्हणून जिन्यात माझी पावलं वाजली की ही बटण दाबायची. बूट काढून बसेपर्यंत चित्र आलेलं असायचं. हिच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं मी ते सासवा-सुनांचं रडगाणं ऐकलं. आता सोफ्याच्या त्या टोकाला नुसती उशी.

शेवटी मी चष्मा लावला आणि सेटिंग उघडलं. एकेक शब्द लावत गेलो. चित्राची धार कमी केली, उजेड कमी केला, रंगाची खूण हिरव्याकडे सरकवली. मग हिला हाक मारली.

ओल्या हातांनी ती दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"हे तुमचे उद्योग?"

"लेकीला सांगू नकोस."

"कपाळाला हात लावेल ती." हात पुसत ती येऊन बसली. "पण एवढा हिरवा नव्हता हो तो. सगळ्यांना शेवाळ फासलंत."

मी खूण जरा मागे घेतली.

"आता फार कमी."

"असाच होता."

"काहीतरीच. रोज मी पुसायचे, मला ठाऊक. आणि डावा कोपरा काळपट होता."

"कोपऱ्याचं काही नाही यात."

"मग कसला एवढा महागाचा?"

मालिका कधी संपली ते कळलं नाही. जाहिराती लागल्या, मग बातम्या. ती बाई हिरवट तोंडाने बोलायला लागली, तशी ही पुढे सरकली आणि रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.

"द्या इकडे. तुम्हाला मेलं काही आठवत नाही."