ज्योती बेजार हाय

चूक माझीच होती, आणि ती मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवली होती.

मी मल्लेश्वरी. बीदरमध्ये मैलूरला राहते आणि बावीस वर्षं औराद तालुक्यातल्या गावांमधून नर्सची पिशवी खांद्याला लावून फिरते. यंदा आमच्या अंगावर नवं काम पडलं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्याचं करणाऱ्या माणसाचं आणि घरातल्या वयात येणाऱ्या पोरांचं मन कसं आहे, ते विचारायचं. माझ्या मनाचं मात्र कुणी विचारत नाही. फॉर्म कन्नडमध्ये, लोक मराठीत बोलणार, आणि मधे मी.

ग्यानबाच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तो लकव्यानं पडून वर्ष होत आलं होतं. वाचा गेलेली. बायको कलाबाई त्याचं सगळं करायची. ती महाराष्ट्रातल्या देवणीकडची, लग्न होऊन इकडं आली तरी तिला कन्नड काही आलं नाही. तेरा वर्षांची लेक ज्योती मात्र कन्नड शाळेत, आठवीला. मी तिला विचारलं, "कसं वाटायलंय ग बाळा?"

"बेजार हाय, अक्का."

आता आमच्याकडच्या मराठीत बेजार म्हणजे आजारी. मी कपाळाला हात लावला, थर्मामीटर लावला. ताप नव्हता. लोहाच्या निळ्या गोळ्या दिल्या, फॉर्मवर 'अशक्तपणा' लिहिलं आणि निघाले. त्या दिवशी अजून चार घरं उरली होती.

तीन आठवड्यांनी गोळ्या वाटायला शाळेत गेले. ज्योती नव्हती. तिची मैत्रीण कन्नडमध्ये म्हणाली, "तिला फार बेजार झालंय. जेवतसुद्धा नाही." ताप किती आहे, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कन्नडमध्ये बेजार म्हणजे आजार नव्हेच. मन विटणं, कशातच जीव न लागणं. पोरीनं मला शाळेतला शब्द सांगितला होता आणि मी घरातला ऐकला होता. दोन्ही भाषा येतात म्हणून मिरवणारी मी! स्वतःचा असा राग आला की उरलेल्या गोळ्या मास्तरांच्या टेबलावर टाकून थेट तिचं घर गाठलं.

कलाबाई दारात ग्यानबाची चादर पिळत होती. "बघा की अक्का, आठ दिस झाले, दोन घास बी धड खाईना. कामून म्हणलं तर बोलंना. मी ह्यांचं करू का हिचं करू? मीच मेले तर बरं हुईल." नळाला पाणी आलं नाही, असं सांगावं तशा आवाजात ती हे बोलली.

ज्योती भिंतीला टेकून बसली होती. मनगटं काटकुळी झालेली. मी शेजारी बसले, फॉर्म काढलाच नाही. कन्नडमध्ये विचारलं, "कशाचं बेजार, ज्योती?"

तिनं आईकडं पाहिलं. आईला ही भाषा कळत नाही, म्हणूनच बहुतेक तिला बोलता आलं. जमिनीकडं बघत ती कन्नडमध्ये भराभर बोलली, "माय झोपत नाही, नुसती रडते. म्हणून गेल्या सोमवारी मी देवाला म्हटलं, अप्पाला घेऊन जा. त्याच दिवशी अप्पाला लकव्याचा दुसरा झटका आला. माझ्यामुळं आला. आता मी जेवले नाही तर देव माझं ते मागणं रद्द करील. मायला सांगू नका."

"काय म्हणायलीय ती?" कलाबाई चादर हातात तशीच धरून उभी. "सांगा की अक्का. काय झालंय माज्या लेकराला?"

प्रशिक्षणात याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. पोरीचा शब्द मोडवत नव्हता आणि त्या बाईशी खोटंही बोलवत नव्हतं. मी फार थकले होते. मग जे आत होतं तेच बाहेर आलं, दोघींना ऐकू जाईल असं, मराठीत.

"कलाबाई, माझी सासू तीन वर्षं अंथरुणात होती. मी तिचं सगळं केलं. आन् रोज देवाला म्हणायचे, हिला एकदाची उचल. ती गेली तवा वाटलं, मीच मारलं तिला. आजवर कुणाला बोलले न्हाई."

चादर बादलीत पडली. "तुमाला कसं कळलं?" कलाबाई हळूच म्हणाली. "मी तर तोंडानं कवाच बोलले न्हाई. ह्यांच्या उशाला बसून मनातच म्हणते. पापीण हाय मी, अक्का."

ज्योतीनं मान वर केली. "माय, तू बी?"

कलाबाईला आधी उमगलंच नाही. मग उमगलं, आणि तिनं ओल्या हातांनीच पोरीला ओढून घेतलं. "यडे! वरीस झालं मी म्हणायलेय, माजं त्यानं ऐकलं न्हाई. तुजं बरं लगीच ऐकील?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. ज्योतीचे खांदे हलत होते, ती हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. तेवढ्यात आतून ग्यानबा कण्हला, तशा दोघी एकदमच उठल्या.

कलाबाईनं लेकीला दंडाला धरून खाली बसवलं. "तू आदी भाकर खा," ती म्हणाली. "मी बघते त्यांच्याकडं."