आधी आडोसा, मग पाणी

आश्विनातलं ऊन जुन्या हिरव्या लुगड्यातून गाळून आलं की त्याला कैरीच्या पन्ह्याचा रंग येतो. हा रंग मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या मैदानाच्या कडेला, चार बाभळीच्या काठ्यांना बांधलेल्या एका लुगड्याच्या आत उभी राहून. बाहेर खो-खोच्या सामन्याची शिट्टी वाजत होती, वारा कापडाला मधूनच फुगवत होता, आणि कापडापलीकडे, आमच्याकडे पाठ करून, एक उंच किडकिडीत सावली कमरेवर हात ठेवून उभी होती. भागामावशी म्हटलं की मला चेहऱ्याआधी ती पाठ आठवते.

ती आमच्या येडशीच्या शाळेत शिपाई होती. घंटा तीच द्यायची आणि रांजणही तीच भरायची. घंटेचे टोले ती इतके सावकाश द्यायची, की एका टोल्याचा नाद रामलिंगाच्या डोंगराकडे जाऊन विरेपर्यंत दुसरा पडत नसे. जणू प्रत्येक आवाजाला त्याच्या घरी पोचवूनच ती पुढच्याला वाट देत होती. तिच्या तळव्यांवर जुन्या घट्ट्यांची एक रांग होती, आणि तिच्या नजरेला माणसाचं अंग वाचायची सवय होती. ओठांवरची पांढरी रेघ, काखेत वाळलेल्या घामाचं मीठ, चालताना मागे पडणारी टाच, यांतलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. अक्षर मात्र तिला एकही येत नव्हतं. मी बौद्ध शिक्षकाची मुलगी. आमच्या घरात पीठ संपायचं, पत्रकं कधी संपत नसत. माझ्या शाळेच्या डब्यातली भाकरीसुद्धा पत्रकात गुंडाळलेली असे आणि जेवता जेवता मी त्यावरच्या मागण्या वाचायची. न वाचता येणाऱ्या बाईला इतकं कसं कळतं, याचं मला तेव्हापासून नवल वाटत आलं आहे.

खो-खोच्या सरावाला आम्ही जमलो की ती रांजणाजवळून हाक मारायची.

"काय गं विमल, आज सकाळची कसली झाली? हळदीवानी का पान्यावानी?"

आम्ही नऊच्या नऊ जणी लाजेनं वाळूत रुतायच्या बाकी असायचो.

"मावशी, हळू बोला की! सर ऐकत्याल."

"ऐकू दे की. त्यास्नीबी इचारते थांब."

लघवीच्या रंगाचा हा प्रश्न म्हणजे तिचं खूळ आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. विमल तिची नक्कल करून दाखवायची आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

आमच्या ड्रिलच्या सरांचा जीव खेळावर होता, हे मान्य केलंच पाहिजे. सामन्याच्या दिवशी ते स्वतःच्या घरून उकडलेली अंडी आणि डिंकाचे लाडू आणायचे, आणि सामन्याला तासभर उरला असताना प्रत्येकीला दोन अंडी, एक लाडू समोर उभं राहून खायला लावायचे. पोटात काहीतरी दणकट असल्याशिवाय पाय पळत नाहीत, असं त्यांचं मत. पाणी मात्र बंद. "खेळाच्या दिवशी पाणी म्हणजे विष. पोट डचमळतं, कुशीत कळ येते," असं ते सांगत, आणि मुलं मैदानाबाहेर जाऊन हळूच हापशाला तोंड लावत तेव्हा दुसरीकडे बघत. आम्ही मुली त्यांचा नियम अगदी कसोशीनं पाळायचो. इतक्या कसोशीनं का, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही.

आदल्या वर्षी वाशीलाच आमचं काय झालं ते सगळ्या येडशीला ठाऊक होतं. दुसऱ्या डावात विमलनं लाडू आणि अंडी मैदानाच्या मधल्या पाटीवरच ओकून टाकली. मी खांबाकडे धावत होते. एका खांबाचे दोन खांब झाले, मी मधल्या रिकाम्या जागेवर हात टाकला आणि तोंडावर पडले. आणखी दोघींच्या पोटऱ्यांत गोळे आले. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी आम्हाला रांगेत उभं करून सांगितलं, "मुलींचं अंग या खेळाचं नाही. पुढच्या वर्षी एक जरी मुलगी पडली तरी मुलींचा संघ बंद." विमलसाठी ते नुसतं मैदान बंद होणं नव्हतं. तिच्या घरी लग्नाची बोलणी चालू होती, आणि 'पोरगी जिल्ह्याला निवडली जाईल' एवढ्या एका वाक्यावर तिच्या थोरल्या भावानं ती थोपवून धरली होती.

मला राग आला की मी लिहिते. पाणी का हवं, यावर मी एक पत्रक लिहिलं. घाम म्हणजे काय, रक्त दाट कसं होतं, अडाणी समजुती कुणाच्या फायद्याच्या असतात, असं बरंच काही. शेवटी ठळक अक्षरांत : 'पाणी पिणे हा आमचा हक्क आहे.' ते मी रांजणाच्या वरच भिंतीला चिकटवलं आणि पाहत राहिले. आठ दिवस गेले. मुलींनी ते वाचलं, एकमेकींना कोपरानं ढोसलं, मला 'ए पत्रक' म्हणून हाक मारायला लागल्या. पण पाणी एकीनंही प्यायलं नाही. मी त्यांना मेंढरं म्हणाले. विमल माझ्याशी बोलेनाशी झाली.

एका दुपारी मावशी पत्रकासमोर उभी होती, पदराच्या टोकानं कपाळ पुसत.

"काय लिवलंस ते वाच बरं मला."

मी वाचलं. अगदी सभेत वाचावं तसं, हात वर करून. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रांजणावरचं झाकण सरळ केलं आणि म्हणाली, "झ्याक लिवलंस. पन पोरी, पानी पिऊन जायाचं कुठं, ते न्हाय लिवलं?"

वाशीच्या मैदानाचा उघडा माळ माझ्या डोळ्यांसमोर आला : एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला चहाच्या गाड्या, आणि सगळीकडे पुरुष. मुलं कुठल्याही बाभळीकडे पाठ फिरवून मोकळी होत. आम्ही सकाळी घरून निघायचो ते दिवेलागणीला घरी येईपर्यंत. पाणी सोडायला आम्हाला सरांच्या नियमाची गरजच नव्हती. तो नियम आम्ही न्हाण आल्यापासून पाळत होतो, आणि माझ्या पत्रकात त्याच्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. मीही त्या दिवशी सकाळपासून तहानलेली होते, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, मावशी?"

ती रांजणाला टेकून बसली. बहात्तरच्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर होती. तिनं सांगितलं ते फार थोडक्यात. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, हातावर मिळणारी सुकडी, दिवसभर डोक्यावर मातीची पाटी, आणि पाण्याचा टँकर आला तरी त्याच्याकडे न बघणाऱ्या बाया. "आमच्या जाऊबाई, गंगू, भरल्या पाटीसकट खाली आल्या. लोक म्हनले, ऊन लागलं. म्या त्यांच्या शेजारी व्हते. पानी हाताशी व्हतं गं. त्या तहानेनं न्हाय पडल्या, लाजेनं पडल्या." मग म्हणाली, "दुसऱ्या दिशी म्या लुगडं घिऊन गेले. चौघी चार टोकं धरून हुब्या राहिलो. मुकादम वरडला. म्हनलं, वरड. तवापासनं बाया प्यायला लागल्या. मीठ आन् गुळाचा खडा टाकून प्यायचो. तेच ते. शिकवायचं काय त्यात?"

मी पत्रक काढायला गेले. तिनं अडवलं. "ऱ्हाऊ दे की. खाली जागा हाय, तेवढं लिव."

त्या वर्षी पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. गावात दुधाची सोसायटी नवी होती, आणि ज्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या त्यांच्याच घरातून ताक नाहीसं झालं होतं. सगळं दूध पहाटे कॅनमध्ये चढून गाडीनं जायचं. मावशी सोसायटीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि अध्यक्षांना म्हणाली, "एक दीस पोरींच्या वाटंचं दूध पोरींच्या घरीच ऱ्हाऊ द्या, शहर काय मरत न्हाय." ते हसले, पण दूध राहिलं. सामन्याच्या दिवशी पहाटे प्रत्येक घरी ज्वारीची पातळ आंबील शिजली, त्यात ताक आणि मीठ. लाडू आणि अंडी तिनं सरांच्या हातातून काढून आपल्या पिशवीत टाकली.

"भागाबाई, तुम्हाला खेळातलं काय कळतंय?" सर चिडले.

"खेळातलं न्हाय कळत सर. घामातलं कळतंय. लाडू खेळ झाल्यावर द्या, ग्वाड लागत्याल."

एसटी सुटायच्या आधी थांब्यावर प्रत्येकीनं घरून आणलेला पाण्याचा तांब्या पुढे केला. मावशीनं तिची घागर उघडली आणि सगळ्यांत आधी माझा तांब्या घेऊन ओतला. मग बाकीचे आठ. कुणाला काही बोलायला वेळच दिला नाही तिनं, गूळ, मीठ आणि लिंबू टाकून ती घागर ढवळत बसली. कुणाचं पाणी कुठलं, हे त्यानंतर कुणालाच सांगता आलं नसतं.

वाशीला उतरताच तिनं खो-खोचे खांब रोवायची पहार मागून घेतली आणि मैदानाच्या कडेला चार खड्डे पाडून काठ्यांना आपलं जुनं लुगडं बांधायला घेतलं. एक संयोजक धावत आला.

"ओ बाई, हे काय बांधताय? पाहुणे यायचेत. मैदानाची शोभा जाईल."

"पोरी पडल्यावर जी शोभा हुती, ती गेल्या साली बघितलीच की तुमी," ती म्हणाली आणि गाठ मारत राहिली. टारगट मुलं शिट्ट्या मारू लागली तशी ती वळली, लुगड्याकडे पाठ केली, कमरेवर हात ठेवले आणि त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. शिट्ट्या थांबल्या. मग मागे न बघता तिनं आम्हाला सांगितलं, "आता प्या. घोट घोट. आन् जावा, आत बघायला कुनी येत न्हाय."

आम्ही प्यायलो. डावाआधी दोन घोट, डाव संपल्यावर चार. गोडसर, खारट, लिंबाच्या सालीचा किंचित कडवटपणा असलेलं ते पाणी घशातून उतरताना मला शरीर म्हणजे काय असतं याचा पहिल्यांदा विचार करावासा वाटला. इतकी वर्षं मी ते हक्कांच्या यादीत लिहीत आले होते, आणि ते तर किती साध्या गोष्टींवर चालतं! दुसऱ्या डावात ऊन डोक्यावर आलं. सरांची नजर सामन्यावर नव्हती, आमच्या पायांवर होती. मी खांबाकडे धावले. खांब एकच होता.

सामना आम्ही एका गुणानं हरलो. पण एकही मुलगी पडली नाही. निवडीच्या यादीत विमलचं नाव पुकारलं तेव्हा ती पाटीवरच बसून लाडू खात होती, आणि सर, तोच हट्टी माणूस, दोन्ही हातांत घागर धरून तिच्यापुढे वाकले होते. संघ बंद झाला नाही. विमल पुढं तीन वर्षं जिल्ह्याकडून खेळली.

मावशी गेल्या थंडीत गेली. शाळेनं घंटेला नवा माणूस ठेवला आहे. त्याचे टोले एकमेकांवर पडतात. वाशीला आता मुलींसाठी सिमेंटची एक खोली बांधली आहे. तिला कुलूप असतं, आणि किल्ली कुणाकडे आहे हे सामन्याच्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. त्याबद्दल मी लिहिते, पत्रकं वाटते, आणि यापुढेही वाटत राहीन. पण आमच्या शाळेच्या मुलींबरोबर जाताना पिशवीत पत्रकांच्या खाली ते लुगडं असतं. ते आता इतकं विरलं आहे की उन्हाचा हिरवा रंगही त्यात धड टिकत नाही.

काठ्या रोवून झाल्या की मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. आत मुलींची कुजबुज चालते, वारा कापडाला फुगवून माझ्या पाठीला लावतो, आणि क्षणभर वाटतं की कापडापलीकडे कुणीतरी उंच, किडकिडीत माणूस माझ्यासारखंच कमरेवर हात ठेवून उभं आहे. मी वळत नाही. आडोशाकडे वळून बघायचं नसतं, हे तिनंच शिकवलंय. आणि गेलेलं माणूस पाठीशी आहे की नाही, हे बहुधा न वळताच जाणायचं असतं.