तिसरा पाय मिटेना तेव्हा

पाय पहिला

मी एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो. म्हणजे कॅमेरा डोक्यावर घेऊन मुकाट उभा राहणारा तीन पायांचा स्टँड. नवा होतो तेव्हा माझे पाय इतके अलगद सरकत, की दुकानदार गिऱ्हाइकांना उगीचच उघडून-मिटून दाखवी. मला बाईंनी घेतलं. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवत. सुरुवातीला फार कौतुक झालं. मग कॅमेरा कपाटात गेला आणि माझ्यावर काकांचे, म्हणजे बाईंच्या यजमानांचे, ओले मोजे वाळू लागले.

पाय दुसरा

एका ज्वालामुखीच्या बेटावर तांबड्या गळ्याचा चिमुकला पक्षी राहतो. बाईंनी तो तीस वर्षं फळ्यावर काढला, पाहिला मात्र कधीच नव्हता. निवृत्त होताना त्यांनी शेवटच्या वर्गाला शब्द दिला, “त्याचा खरा फोटो आणून दाखवीन.”

म्हणून आम्ही तिघं बेटावर. चार दिवस मी काळ्या वाळूत उभा. सरडे आले, खेकडे आले, एक समुद्रसिंह माझ्या पायाशी घोरून गेला. पक्षी नाही. माझे पायही कुणी पुसले नाहीत.

पाचव्या दिवशी परतीच्या बोटीचा भोंगा वाजला.

“अगं, चल! तो काही तुझ्यासाठी पावडर लावून येणार नाही,” काका म्हणाले.

“आले हो! तुम्ही आधी तुमचे मोजे गोळा करा.”

बाईंनी डोळे टिपले आणि घाईघाईत, कॅमेरा न उतरवताच, मला मिटायला घेतलं. एक पाय मिटला. दुसरा मिटला.

पाय तिसरा

हा मिटेना! आत वाळू रुतलेली. बाईंनी वैतागून मिटलेले दोन्ही पाय पुन्हा उघडले, मला परत उभं केलं आणि काकांना बोलवायला दहा पावलं गेल्या. तेवढ्यात कॅमेऱ्यावर काहीतरी हलकंसं येऊन बसलं.

तांबडा गळा.

“अहो, हलू नका! तो बघा! अगंबाई, कॅमेरा त्याच्याच पायाखाली!”

“थांब, मोबाईलवर काढतो.”

“अंगठा! अंगठा बाजूला घ्या!”

तो फोटो शाळेत लावला त्या दिवशी मलाही नेलं होतं. मधोमध पक्षी, खाली मी, कोपऱ्यात काकांचा अंगठा.

“कुणी काढला?” मुलांनी विचारलं. काका खाकरले.

“स्टँड मी लावला होता,” बाई म्हणाल्या.

तर मित्रांनो, वापरून झालेली वस्तू नेहमी पुसून ठेवा. आता बाईंनी मला पुसलं असतं, तर मी वेळेवर मिटलो असतो आणि... जाऊ द्या. दोन पाय पुसा. तिसऱ्याचं मी बघतो.

मोजे मात्र दोरीवर.