हुंकारावाचून अडलेली कादंबरी

या, असं पुढं सरकून बसा. दाराशी बसलेल्याला गोष्ट अर्धीच मिळते, आणि ही अर्धी ऐकायची गोष्ट नव्हे. हिच्यात एक भूत आहे, पण भिऊ नका, ते बिचारं आपल्यापेक्षा एकटं आहे.

तर शाहूपुरीत आकाराममामा राहायचे. सारी हयात फौंड्रीत भट्टीपुढं गेलेली. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. पण देवळात कीर्तनाला बसले, की बुवांच्या पहिल्या आलापालाच डोळे भरून यायचे. शेजारी मामी, टाळ धरून. दोघं कधी आरतीआधी उठल्याचं कुणी पाहिलं नाही.

दुसरा नाद म्हणजे भुताच्या रहस्यकथा. मामा वाचनालयातून पुस्तक आणायचे नि मोठ्यानं वाचायचे. मामी तांदूळ निवडत ऐकायच्या. रीत कीर्तनातलीच. ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हटल्याशिवाय सांगणाऱ्यानं पुढं जायचं नाही. ‘हं’ आलं नाही, तर मामींचा डोळा लागलाय किंवा त्या रडतायत असं समजायचं, आणि मामा मुकाट दोन ओळी मागं येऊन परत वाचायचे.

शेवटची कादंबरी प्लेगातली होती. साथीत सारं गाव उठून रानात खोपटी घालून राहिलेलं. एका थोरल्या घरानं तापानं फणफणलेली धाकटी सून आत ठेवली, बाहेरून कुलूप घातलं आणि निघून गेलं. तेव्हापासून त्या बंद दाराची कडी आतून वाजायची आणि आवाज यायचा, “मला हाक मारा की.” पण हाक कशी मारायची? घरात सगळे तिला ‘धाकटी’ म्हणायचे. नाव कुणाला आठवेना. एक फौजदार त्या नावाचा शोध घेत होता.

इथवर आल्यावर मामी म्हणाल्या, “ऱ्हावू दे आता, उद्या बघू. पण मला चोरून फुडं वाचलासा तर बघा हं.” दुसऱ्या दिवशी पहाटेच छातीत कळ आली आणि मामी गेल्या.

मुलगा ऋतुराज पुण्याहून आला, दिवसकार्य करून गेला. घरात मामा आणि ती कादंबरी उरली. तिचा शेवट मामींना ऐकवायचा राहिलाय, एवढं एकच त्यांच्या मनाला लागून राहिलं. रामकथेला मारुतीसाठी पाट मांडून ठेवतात ना, तसा मामांनी मामींच्या जागेवर पाट मांडला. रोज दुपारी चष्मा लावून समोर बसायचे. एक परिच्छेद वाचायचे, थांबायचे. ‘हं’ यायचं नाही. दोन ओळी मागं जायचे, परत वाचायचे, परत थांबायचे. मग पुस्तक मिटून ठेवायचे. पावसाळा सरला, थंडी पडली, पण पान काही उलटलं नाही.

एका दुपारी वाचनालयातली अक्षता दारात गाडी लावून आली.

“मामा, पुस्तक वाचालाय का चावालाय? पावसाळ्यात नेलतासा! लोक वाट बघालेत.”

“संपलं न्हाय, पोरी.”

“मग शेवट मी सांगते की. ती बाई असती ना—”

“गप!” भट्टीपुढचा आवाज निघाला. पोरगी दचकली. मामा वरमले, आत गेले, तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं. पाणी पिऊन ती पाटावर टेकणार, तोच म्हणाले, “तिथं नको बसू.” आणि मग पाटाकडं बघत सगळं सांगितलं.

अक्षता खाली फरशीवर मांडी घालून बसली. “वाचा. हं मी म्हणते.”

“तुला तर शेवट ठाव हाय.”

“रावण मरतोय हे ठाव नसतंय व्हय कुणाला? तरी बसतोयच की कीर्तनाला.”

मामांनी चष्मा पुसला. वाचलं. “हं,” अक्षता म्हणाली. पान उलटलं.

फौजदारानं कुलूप तोडलं. आत चुलीपाशी तांब्या कलंडलेला. माहेरहून आणलेला, गळ्याशी नाव कोरलेला. त्यानं तिथंच पडलेल्या तिच्या पदराच्या चिंधीनं राख पुसली आणि मोठ्यानं नाव वाचलं, “येसू.” त्यानंतर त्या घराची कडी कधी वाजली नाही.

मामा थांबले. ‘हं’ आलं नाही. वर बघतात तर अक्षताच्या डोळ्यांना धार. सवयीनं मामा दोन ओळी मागं गेले आणि ते नाव त्यांनी पुन्हा वाचलं. “हं,” ती नाक ओढत म्हणाली.

ती पुस्तक घेऊन गेली. दिवे लागायची वेळ झाली. मामांनी देवापुढं वात लावली आणि रिकामा तांब्या उचलला. हाही माहेरहून आलेला, गळ्याशी मामींच्या नावाची अक्षरं हाताला लागली. जन्मभर याच तांब्यातलं पाणी प्यायले होते. ते नाव त्यांनी लग्नात घास भरवताना, बायकांनी अडवून धरलं म्हणून उखाण्यात एकदा घेतलं होतं. नंतर सगळं ‘अगं’, ‘ऐकलंस का’, ‘ऋतुराजची आई’. गल्लीला ती मामी. मलाही आतापर्यंत मामीच म्हणता आलं, बघा.

मामा पाटासमोर बसले. एवढा मोठा आवाज, पण निघेना. घसा खाकरून हळूच म्हणाले, “अंजना.”

बाहेरून एक रिक्षा गेली. मामा थांबले, हुंकाराची वाट बघतात तसे. आला नाही. मग दोन ओळी मागं यावं तसं ते पुन्हा म्हणाले, “अंजना.” पाट त्यांनी उचलला नाही.

आता आरती होईल, प्रसाद मिळेल, तुम्ही घरी जाल. तांब्या तोंडाला लावाल, तेव्हा तिची एवढी आठवण काढा. मामी म्हणून नको, कुणाची आई म्हणूनही नको. अंजना म्हणून.