न फिरवलेली नळी

माझी पणजी हाताने फिरवावी लागे, आजीला पितळी दांडा होता, आई विजेवर चाले पण सारे टेबल हादरवी. त्यांच्यामागून आले ती मी, स्वीडनमधल्या लुंड शहराच्या सांधेविकार प्रयोगशाळेतील, नळ्या गरगर फिरवून द्रवातला गाळ वेगळा करणारी जुनी चक्री. मित्रांनो, ताठ बसा. मी एकदाच सांगते.

दुखावलेल्या वा झिजलेल्या गुडघ्यांतला द्रव माझ्याकडे येई, पातळ मधासारखा. मी तो इतक्या वेगाने फिरवी की मलाच गुंगी येई. खिडकीतले बर्फ आणि बर्चची झाडे यांचे एकच पांढरे वर्तुळ होई. थांबले की पेशी तळाशी निजलेल्या आणि वर निवळशार द्रव. त्यात कूर्चा कुरतडणारी विकरे मोजत. चोवीस वर्षे माझी वाहवा झाली. मग नवी चक्री आली, आणि मी टेबलाखाली गेले.

एके दिवशी हँडबॉल खेळणाऱ्या तूवाच्या दुखावलेल्या गुडघ्यातल्या विकरांचा आकडा अपेक्षेच्या चौपट आला. कूर्चा झपाट्याने झिजते आहे असे समजून तरुण डॉक्टर याल्मार तिला खेळ सोडायला सांगणार होता.

"नळी गोठवण्याआधी फिरवली होतीस ना?" तंत्रज्ञ गुनवोरने विचारले.

"तीन वाजले होते गं. सगळे कॉफीला बसले होते, मी एकटाच कसा काम करत राहू?"

"अरे शहाण्या, गोठून पेशी फुटल्या, त्यांच्या पोटातलं सगळं द्रवात आलं! तू तिचा गुडघा नाही, आपला आळस मोजलास."

तूवाचा गुडघा पुन्हा सुजला होता. याल्मारने नवा द्रव काढला. नवी चक्री संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कामात अडकलेली. गुनवोरने मला बाहेर ओढले, धूळ पुसली, तोल राहावा म्हणून तूवाच्या नळीसमोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी बसवली.

"हीच का?" तूवा म्हणाली. "आमच्या घरचं कपडे धुण्याचं यंत्र हिच्याहून तरुण आहे!"

"हळू बोल, रुसेल ती."

मी रुसले नाही. डोळे मिटून फिरले.

दुसऱ्या दिवशी आकडा आला: ताज्या दुखापतीत असतो तेवढाच.

"म्हणजे खेळू?"

"आधी पाय बरा कर," याल्मार खाली मान घालून म्हणाला. "खेळ सोड, असं मात्र मी म्हणणार नाही. चूक माझी होती."

मित्रांनो, जुन्या यंत्राला पुसत जा, आणि दुसऱ्याच्या देहातला थेंब हाती आला तर घाई करू नका. नवी चक्री आल्यावर मला भंगारात काढायचे ठरले, तेव्हा "ती गेली तर मीही घरी जाते," असे म्हणून गुनवोरने मला राखले होते. ते ऋण त्या दिवशी मी पुरते फेडले.